चाचांच्या गाडीचा कॅम

चाचांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "बायको गाडीत झोपते काय रे?"

मी त्यांच्या काउंटरसमोर उभा होतो. हातात अमेरिकन कॅटलॉगातून फाडलेलं एक पान होतं आणि माझ्या लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. सांगलीत कुणी अनोळखी माणसाने असं विचारलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. पण हे शारजा होतं, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं आणि दुकानात एसी होता. मी मुकाट्याने म्हणालो, "झोपते कधी कधी."

"मग हा कॅम तुला नाय मिळणार," असं म्हणून त्यांनी माझं पान मला परत दिलं आणि चहा मागवला.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अमेरिकन गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं एक दुकान होतं. मालक अरब होता, पण तो महिन्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस दुकान म्हणजे चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. वीस-बावीस वर्षांपूर्वी मेकॅनिक म्हणून आले आणि पुढे कंबर धरली म्हणून काउंटरवर बसले. दुकानात छताला आकडे लावून त्यांनी सगळे कॅम दोरीने उभे टांगले होते, आडवे ठेवले की वाकतात म्हणून. आत शिरलं की बोंबील वाळत घातल्यासारखं दिसायचं. गिऱ्हाइकाने वर हात करून एखाद्याला स्पर्श केला की चाचा ओरडायचे, "ते बघायला नाय हायत!" मग कशाला टांगलेत, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ज्यांना गाड्यांचं काही सोयरसुतक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातला हातभर लांबीचा लोखंडी दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते एकेक झडप उघडतात आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटे मोठे, तर श्वास मोठा आणि ताकद जास्त. पण ती ताकद येते गाडी सुसाट सुटल्यावर. उभ्या गाडीत तोच कॅम इंजिनाला धाप लावतो. सगळी गाडी थरथरते आणि आवाज येतो तो असा, घुडूप... घुडूप... घुडूप. त्या आवाजापायी भल्याभल्यांची अक्कल गहाण पडलेली मी पाहिली आहे. माझी तर कधीच पडली होती.

माझी गाडी सेकंडहँड होती. अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची आणि ऑटोमॅटिक. शारजातल्या अल नहदाला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती दीड गाडीची जागा अडवायची. दुबईतल्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो आणि तिथे मला शिपाईसुद्धा ओळखत नव्हता. पार्किंगमध्ये मात्र वॉचमन सलाम करायचा. त्याने सलामाबरोबर दचकावंही, एवढीच माझी इच्छा होती.

चाचांनी चहा संपेपर्यंत माझी शिकवणी घेतली. "मॅन्युअलवाला क्लच दाबतो नि बाजूला होतो. त्याचं इंजिन वेगळं, चाक वेगळं. ऑटोमॅटिकवाला कसा उभा असतो? गिअरमध्ये. पाय ब्रेकवर. इंजिन म्हणतंय चल, पाय म्हणतोय थांब. लग्न झालेल्या माणसागत. जायचं तर हाय, पण जात नाय. अशा माणसाला मोठा कॅम घातला तर काय होईल? सिग्नलला एक तर बंद पडेल, नाय तर समोरच्याच्या अंगावर जाईल. त्यात एसीचा बोजा. त्यात ब्रेक. मोठ्या कॅमवर ब्रेक कडक होतो, पाय दाबून दाबून मांडी दुखते. समजला काय?"

मी म्हणालो, समजलं. पण मी फक्त सुट्टीच्या दिवशी चालवणार आहे.

"असं? मग मंगळवारी जाममध्ये बसू."

ही त्यांची पद्धत होती. ती त्या अख्ख्या इंडस्ट्रियल एरियात थट्टेचा विषय होती आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. कॅम मागायला आलेल्या माणसाबरोबर संध्याकाळच्या जाममध्ये एकदा बसल्याशिवाय ते कॅम ठरवत नसत. दुपारी दुकान पोऱ्यावर टाकून बसने दुबईला जायचे, गिऱ्हाइकाच्या ऑफिसखाली उभे राहायचे आणि त्याच्या गाडीतून शारजाला परत यायचे. दुबईत नोकरी आणि शारजात स्वस्त भाड्याचं घर, अशी आम्हा सगळ्यांची तऱ्हा असल्याने ती पंधरा किलोमीटर कापायला दोन तास लागत. त्या दोन तासांत चाचा एक शब्द बोलत नसत. गिऱ्हाईक किती वेळा उगाच ॲक्सिलरेटर दाबतो, एसी कितीवर ठेवतो, घरून फोन आला की आवाज कसा बदलतो, कुणाला कुठल्या भाषेत शिव्या घालतो, हे सगळं बघत बसायचे. "मोकळ्या रस्त्यावर सगळेच सुलतान," ते म्हणत. "माणूस कळतो जाममध्ये."

मंगळवारी माझ्या गाडीत चाचा बसले. वाटेत दुबईतल्या करामातून बायकोला घ्यायचं होतं, ती तिथे बालवाडीत शिकवायची. ती मागे बसली, चाचांना नमस्कार केला आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागली. चाचांनी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सुट्टीच्या दिवसाची माझी कहाणी तिथेच निकालात निघाली. मला मिळाला तो कॅम कॅटलॉगात पहिल्या पानावर, म्हाताऱ्या माणसांच्या रकान्यात होता. त्याने गाडी पूर्वीपेक्षा चांगली पळायला लागली, बंद कधी पडली नाही, आणि वॉचमन काही दचकला नाही. मी चाचांवर वर्षभर चिडून होतो.

तरी मी त्यांच्याकडे जात राहिलो, कारण त्यांनी मला कामाला लावलं होतं. कॅम बनवणारी कंपनी अमेरिकेत. ती गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म मागवायची. गाडीचं वजन किती, इंजिन केवढं, गिअरबॉक्स कसला, एसी आहे का, ब्रेक कसले, असे वीसएक रकाने. आणि शेवटचा रकाना, गाडीचा वापर. फॉर्म फॅक्सने गेला की तिकडचा तज्ज्ञ कॅम सुचवायचा. चाचांचं इंग्रजी बेताचं, आणि माझं अक्षर ड्राफ्ट्समनचं, छापल्यासारखं. एकदा त्यांनी माझा फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "आजपासून तू माझा मुन्शी." त्यांनी मला पुढे कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्या फॉर्मवर लोक जेवढं खोटं लिहीत तेवढं मी लग्नाच्या बायोडेट्यातही पाहिलेलं नाही. गाडीचं वजन चारशे किलोने कमी करत. घरातल्या तीन पोरांचा उल्लेख नसे. एसी असून नाही म्हणत. वापर विचारला की सगळ्यांचं एकच उत्तर, रेस. ज्याने आयुष्यात बायकोच्या परवानगीशिवाय लेन बदलली नाही तोही रेस. चाचा असले फॉर्म फाडायचे आणि जाममध्ये पाहिलेलं मला सांगायचे. "लिही, याची बायको पोटुशी हाय. डॉक्टर करामाला हाय. खड्ड्यात हळू घेतो." मी विचारायचो, चाचा, कॅमचा नि पोटुशीचा काय संबंध? "तू लिही. खोटं लिवलंस तर बोटं तोडीन."

मी लिहायचो. तिकडच्या तज्ज्ञाने पहिले दोन-तीन फॉर्म बहुधा फेकून दिले असावेत. मग एक दिवस उत्तर आलं. कॅमचा नंबर होता आणि खाली एक ओळ होती, बाळंतपण सुखरूप होवो. चाचांनी तो फॅक्स काचेखाली लावला. त्यानंतर तो अमेरिकन बिघडलाच. फॅक्समध्ये विचारायचा, त्या गृहस्थांच्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? मी उत्तर लिहायचो, चाचा सांगायचे. अरबाबला, म्हणजे दुकानाच्या मालकाला, फॅक्सचं बिल आलं तेव्हा तो मात्र अरबीतून बराच वेळ बोलला. चाचा मान हलवत "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत राहिले.

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुबईतच जन्मलेला एक मराठी इंजिनिअर आला, पंचविशीचा, केसांना जेल. त्याचे आईवडील घरी मराठी बोलायचे आणि हा उत्तरं इंग्रजीत द्यायचा. "अंकल, आय वॉन्ट द बिगेस्ट वन." चाचांनी त्याला जाममध्ये बसवलं, तो दोन तास स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, आणि चाचांनी नाही म्हटलं. त्याने पलीकडच्या गल्लीतून सर्वांत मोठा कॅम घेतला. पंधरा दिवसांनी गणपतीला तो आईला घेऊन निघाला. तिच्या मांडीवर उकडीच्या मोदकांचा डबा. अल नहदाच्या सिग्नलला गिअर टाकला की इंजिन बंद. पुन्हा चालू करायचं, न्यूट्रलमध्ये रेस करायचं आणि तशीच गिअरमध्ये टाकायची, की गाडी बेडकासारखी उडी मारायची. तिसऱ्या उडीला आईचं कपाळ डॅशबोर्डवर आणि मोदक सगळीकडे. तो दुकानात आला तेव्हा मी तिथे होतो. चाचा सुनावतील म्हणून मी मजा बघायला सरसावून बसलो. चाचा म्हणाले, "आई बरी हाय?" तो म्हणाला, "बरी आहे, चाचा." मराठीत! चाचांनी माझ्याकडे फॉर्म सरकवला.

अशा या माणसाची स्वतःची गाडी दुकानामागे ताडपत्रीखाली उभी होती.

जुनी, गडद हिरवी, दोन दारांची. कुणी गोरा देश सोडताना भंगारात टाकून गेला होता. चाचांनी दहा-बारा वर्षं शुक्रवारी नमाजानंतर तिच्यावर काम केलं होतं. इंजिन खोलून नवं केलं होतं, सीट शिवल्या होत्या, एसीत गॅस भरला होता. सातव्या टेस्टला मिळालेलं लायसन्स वेळच्या वेळी रिन्यू करत होते. सगळं तयार होतं. फक्त इंजिनात कॅम नव्हता, आणि त्या जुन्या इंजिनाचा कॅम अमेरिकेतूनच मागवावा लागणार होता. विचारलं की म्हणायचे, "अजून ठरत नाय." शंभर लोकांचे कॅम दोन तासांत ठरवणारा माणूस! बाजूचे टायरवाले पठाण त्यांना विचारायचे, चाचा, गाडी मय्यत की निकाह? चाचा ताडपत्री नीट करायचे.

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. आम्ही घाटावरची माणसं. बायकोला मासे करता येत नव्हते, ते चाचांनी शिकवले. आमच्याच स्वयंपाकघरात उभे राहून तिला रागवायचे, "बेटी, बांगडा हाय तो, बटाटा नाय. असं उलथू नको." आणि जेवून तृप्त झाले की म्हणायचे, "माझी गाडी झाली ना, की तुला करामाला नेतो जेवायला. आमच्या गावचा माणूस हाय तिथं, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं सुकं काय करतो!" त्यांचं स्वतःचं घर गावाला होतं. बायको वारली होती, मुलगी सासरी. इथे सहा जणांत एक खोली.

मग अरबाब वारला आणि मुलाने दुकान बंद करून तिथे मोबाईलचं दुकान काढायचं ठरवलं. चाचांचं वय साठ झालेलं. व्हिसा कॅन्सल. दोन महिन्यांत निघायचं. बातमी सांगून झाली आणि चाचा म्हणाले, "मुन्शी, फॉर्म घे. माझा."

मी खूश झालो. पेन काढलं, इंजिन, वजन, गिअरबॉक्स सगळं भरलं. ऑटोमॅटिक, बाकी सारं कंपनीचं मूळ. एसी विचारला. "नाय," चाचा म्हणाले. "पट्टा काढलाय."

मी वर पाहिलं. ते टांगलेल्या कॅमकडे बघत होते.

"लिही. एकटा माणूस. बाजूला कोण नाय, मागं कोण नाय. जाममध्ये जाणार नाय. एकदाच चालवणार. सगळ्यात मोठा दे म्हणावं."

"चाचा, ब्रेक कडक होतील."

"होऊ दे."

"सिग्नलला बंद पडेल."

"सिग्नल नाय तिथं. तू लिही."

मी लिहिलं. पण दुकानाचा फॅक्स अरबाबच्या मुलाने तोडला होता, म्हणून तो कागद फॅक्स करायला माझ्या ऑफिसात नेला आणि मला हसू आलं. एवढी वर्षं ज्या माणसाने लोकांची खोटी उत्तरं फाडली, तो स्वतःची पाळी आल्यावर इतरांसारखाच निघाला! एकटा म्हणे. एसी नाही म्हणे. हा माणूस गाडी चालू झाल्या झाल्या आमच्या दारात येणार, माझ्या बायकोला बसवणार, तिला करामाला नेणार आणि येताना जाममध्ये अडकणार, हे मला उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं. शिवाय साठीचा माणूस, दुखरी कंबर, कडक ब्रेक. आणि खोटं लिहिलंस तर बोटं तोडीन, हे मला शिकवलं कुणी? मी नवा फॉर्म घेतला आणि माझ्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं : शारजा ते दुबई, संध्याकाळचा जाम, एसी, मागच्या सीटवर एक बाई, बहुधा झोपलेली. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत हो. पडले-झडले असते म्हातारपणी."

खोकं यायला पाच आठवडे लागले. चाचांच्या जाण्याला वीस दिवस उरले होते. त्यांनी खोकं काउंटरवर फोडलं. कॅमबरोबर एक कार्ड असतं, त्यावर तो कसा आहे त्याचे आकडे असतात. चाचा इंग्रजी अक्षरांत ठेचकाळायचे. पण ते आकडे त्यांना आपल्या हातावरच्या रेषांसारखे वाचता येत. त्यांनी कार्ड वाचलं. उलटून पाठची बाजू पाहिली, ती कोरी होती. पुन्हा वाचलं.

"चांगला कॅम हाय," ते म्हणाले. "जाममधला."

"हो."

"किती दिवसांत दुसरा येतो रे?"

"पाच आठवडे," मी म्हणालो, आणि मनात म्हटलं, पकडला की नाही म्हाताऱ्याला!

त्यांनी कॅम तेलाने पुसला, चार दिवस लावून स्वतःच्या हाताने बसवला आणि एसीचा पट्टा परत चढवला. गाडी पहिल्या चावीला चालू झाली. टायरवाले पठाण टाळ्या वाजवायला म्हणून आले होते. आवाजच न आल्यामुळे त्यांना कळलंच नाही की गाडी चालू झाली आहे.

निघायच्या दोन दिवस आधी चाचा गाडी घेऊन आमच्या दारात आले. अगदी मी लिहिलं होतं तसं. आम्ही करामाला गेलो. तिसऱ्या खरंच फार छान होत्या. गावच्या माणसाने पैसे घेतले नाहीत आणि चाचांच्या गळ्यात पडून रडला. संध्याकाळी परत निघालो आणि शारजाच्या वाटेवर जाममध्ये अडकलो. चारही बाजूंना गाड्या. एसी असा गार की काचेवर धुकं यायला लागलं.

"चाचा, किती शांत आहे हो तुमची गाडी!" बायको मागून म्हणाली. "आमच्यापेक्षा छान."

"हो बेटी."

थोड्या वेळाने ती झोपली. मी विजयी मुद्रेने चाचांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"रास अल खैमाचा जुना रस्ता हाय ना," ते हळू आवाजात म्हणाले, ती जागी होऊ नये म्हणून. "वाळूतून जातो तो. पहाटे फजरची नमाज पढायची नि निघायचं. तिथं त्या वेळी कोण नसतं, सिग्नल नाय, काय नाय. खिडक्या उघड्या टाकायच्या. एकदा जायचं, एकदा यायचं, मग गाडी कुणाला पण देऊन टाकायची. असं ठरवलेलं मी."

"मग बेटीला करामाला..."

"ते टॅक्सीने पण झालं असतं."

"चाचा, मला वाटलं तुम्ही..."

"खोटं सांगतोय?" ते हसले. रागावले असते तर मला सोसलं असतं. "सगळेच सांगतात ना. तुझी काय चूक? मीच शिकवलं. पण मी तुला खरं सांगितलेलं रे, मुन्शी."

मला इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. एवढ्या वर्षांत त्या फॉर्मवर एकाच माणसाने स्वतःहून खरं उत्तर दिलं होतं, आणि ते मी खोडलं होतं. "उद्या सकाळी जाता का तिकडे?" मी विचारलं. "तुम्ही एकटेच जा. मी येत नाही."

"हा कॅम नेऊन तिथं काय करू? हा चांगला कॅम हाय."

पुढची गाडी हलली. चाचांनी ब्रेकवरचा पाय उचलला, आणि आमची गाडी जराही न थरथरता, बायकोची झोप न मोडता, एका गाडीएवढी पुढे सरकून थांबली.